पुस्तक मिटा, मग आठवा

लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या तालुक्याच्या गावात परीक्षा जवळ आली की पदवीचे विद्यार्थी तेच धडे पुन्हा पुन्हा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात. मेहनत खरी असते. पद्धत मात्र तोकडी.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक वाचून पुन्हा वाचायचा, दुसरा वाचून न बघता आठवून लिहायचा. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा वरचढ ठरला: ८१ टक्के, दुसरा ७५. आठवड्याने चित्र उलटले. आठवून लिहिलेला ५६ टक्के लक्षात राहिला, नुसता वाचलेला ४२. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्यालाच आपण 'येतं' समजतो. आठवताना तो शोधून काढावा लागतो; त्या कष्टानेच स्मृती पक्की होते.

लातूरला हे नवे नाही. सराव परीक्षांचा सततचा मारा हा बारावीच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'चा कणा.

बारावीनंतर अनेकांची सरावाची ती सवय सुटते, याची हळहळ वाटते. जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी, उत्तर कोऱ्या कागदावर लिहावे, चुका पुस्तकातून तपासाव्यात आणि चार-पाच दिवसांनी तेच उत्तर पुन्हा न बघता लिहावे.