सरगूरचा सामना, पुण्याचा सर्व्हर

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कर्नाटकातल्या सरगूरच्या बाजारातली दुकानं मिटली होती आणि बहिणीच्या घरी मागच्या खोलीत माझा भाचा हेडफोन लावून एका जुन्या लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर हिरवं माळरान, मधोमध टाउन सेंटर, तीन गावकरी आणि टेहळणीला निघालेला एक घोडेस्वार. 'एज ऑफ एम्पायर्स टू'. सामना सुरू होण्याआधी सर्व्हरचं नाव झळकलं: सेंट्रल इंडिया. मी थबकलो. खेळाची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात 'सेंट्रल इंडिया' म्हणजे पुणे. २०१५ साली कंपनीनं भारतात जी तीन डेटा सेंटरं उघडली, त्यांतलं एक तिथं आहे. कपिलेच्या काठचा हा मुलगा आणि त्याचा नंजनगूडचा प्रतिस्पर्धी यांच्यात पन्नासेक किलोमीटरचं अंतर. पण त्यांची लढाई होणार होती माझ्या गावात, पुण्यात.

"मामा, पहिली दहा मिनिटं काही विचारू नकोस हं," तो म्हणाला.

मी विचारलं नाही, नुसतं पाहिलं. एक गावकरी तयार करायला ५० अन्न लागतं आणि २५ सेकंद जातात. टाउन सेंटर एक क्षणही रिकामं राहता कामा नये, हा या खेळाचा पहिला धडा. सुरुवातीला मेंढ्या कापायच्या, मग काही माणसं लाकडाला लावायची, आणि तोवर रानडुक्कर आणायचं. हे डुक्कर आणणं बघण्यासारखं असतं. एकटा गावकरी लांब जातो, डुकराला एक बाण मारतो आणि मागे वळून धूम ठोकतो. चवताळलेलं डुक्कर त्याच्या मागे थेट टाउन सेंटरपर्यंत येतं आणि तिथं थांबलेले बाकीचे सगळे मिळून त्याला मारतात. एक सेकंद उशीर झाला तर गावकरी गेला. भाच्याचा डावा हात कीबोर्डवर पेटीवाल्यासारखा फिरत होता. त्यानं निवडले होते द्रविड. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'मुळे या खेळात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. द्रविडांकडे नाइट्सचं घोडदळ नाही, म्हणून बरेच जण त्यांना हात लावत नाहीत. पण त्यांच्याकडे उरुमीवाले आहेत, ती लवलवती पट्ट्याची तलवार घेतलेले सैनिक. "आपल्याकडचे आहेत ना," एवढंच कारण त्यानं दिलं.

मी हा खेळ शिकलो तो पुण्यातल्या एका सायबर कॅफेत, पायरेटेड सीडीवर. 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' असं टाइप केलं की मध्ययुगीन रणांगणावर झळझळीत कोब्रा मोटार अवतरायची, हे त्या पिढीतल्या प्रत्येक मुलाला पाठ होतं. तो कॅफे कधीच बंद पडला. ज्या स्टुडिओनं १९९९ साली खेळ बनवला, तो एन्सेंबल स्टुडिओही २००९ मध्ये बंद झाला. खेळ मात्र चालू राहिला. कसा, ते सांगायलाच हवं, कारण आज भाच्यासारख्या मुलांपुढे जो प्रश्न उभा आहे त्याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

स्टुडिओ गेल्यावर खेळाडूंनी 'वूब्ली' नावाच्या त्रयस्थ व्यासपीठावर आपापसात सामने सुरू ठेवले. काही चाहत्यांनी पदरमोड करून नव्या संस्कृती, नवे नकाशे बनवले. मायक्रोसॉफ्टला जाग आली २०१३ मध्ये. त्या चाहत्यांचंच काम तिनं अधिकृत करून बाजारात आणलं आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खेळाची नवी आवृत्ती आली. आज तिच्या सर्वांत लाडक्या स्पर्धांपैकी एक, 'हिडन कप', २०१८ पासून एक समालोचक भरवतो. तिथं खेळाडूंची नावं लपवून त्यांना इतिहासातल्या वीरांची नावं देतात आणि खेळण्याच्या ढंगावरून कोण कोण आहे ते प्रेक्षक ओळखतात. बक्षिसाच्या रकमेत प्रेक्षकांच्या वर्गणीचा वाटा मोठा असतो. गणेशोत्सवाची वर्गणी आठवावी, तसंच.

याच्या उलट बाजूला 'डोटा टू'. वॉरक्राफ्ट थ्रीच्या एका हौशी नकाशातून उगवलेला हा पाच-पाच जणांचा खेळ व्हॉल्व्ह कंपनीनं आपल्या पंखाखाली घेतला. त्याची जागतिक स्पर्धा, 'द इंटरनॅशनल', २०११ मध्ये सुरू झाली. कंपनी खेळाडूंना सजावटीच्या वस्तू विकायची आणि त्या विक्रीचा चौथा हिस्सा बक्षिसात टाकायची. २०२१ मध्ये बुखारेस्टला ही रक्कम चार कोटी डॉलरवर गेली. जगातल्या कुठल्याही व्हिडिओ गेमच्या स्पर्धेनं तोवर तेवढं बक्षीस पाहिलं नव्हतं. मग कंपनीनं धोरण बदललं, ती विक्री आवरती घेतली, आणि २०२३ मध्ये बक्षीस तीस लाख डॉलरच्या आसपास आलं. त्याच वर्षी तिनं वर्षभर चालणारी विभागवार साखळी स्पर्धाही गुंडाळली.

ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त लागते. चार कोटी डॉलर शिखरावरच्या मोजक्या सोळा-अठरा संघांत वाटले जात. साखळीत मात्र दुय्यम श्रेणीचे संघ होते. तिथं हरलेल्या संघालाही पुढच्या हंगामाची तारीख माहीत असायची, आणि आईवडिलांना सांगता यायचं की अमुक महिन्यात सामने आहेत. शिखर आहे, पायथा आहे, पण मधल्या पायऱ्या उचलून नेल्या, अशी आज या खेळांची अवस्था आहे. रोज रात्री लाखो लोक डोटा खेळतात, एज ऑफ एम्पायर्स खेळतात. 'खेळ मेला' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. पण चांगला खेळणारा मुलगा आणि जगातला पहिल्या वीसातला खेळाडू यांच्यामध्ये काय आहे, असं विचारलं तर दाखवायला फार थोडं उरलं आहे.

भारतात या पायऱ्या तशाही कच्च्याच होत्या. २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन मुंबई' झाली. तीन लाख डॉलरचं बक्षीस, चीन, युरोप, आग्नेय आशियातले संघ, आणि प्रेक्षकांत महाराष्ट्रभरातून आलेली पोरं. डोटाची त्या तोडीची स्पर्धा मुंबईनं पुन्हा पाहिली नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाजच्या नेतृत्वाखाली भारतीय डोटा संघानं न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी 'एन्टिटी' ही भारतीय संस्था 'द इंटरनॅशनल'मध्ये उतरली, पण तिचे पाचही खेळाडू युरोपच्या चमूतले होते. संस्था इथली आणि मुलं बाहेरची, हे चित्र बघून मला अभिमानापेक्षा रुखरुख जास्त वाटली. आता २०२६ च्या आयची-नागोया आशियाई खेळांच्या यादीत डोटा नाहीच. २०२३ च्या हांगझोऊ खेळांत तो होता. ऑलिंपिक समितीनं सौदी अरेबियाबरोबर आखलेली ई-स्पोर्ट्सची स्वतंत्र ऑलिंपिकही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये करार संपल्यानं बारगळली.

त्यात आपल्याकडचा मुलगा मोबाइलवर खेळतो. हातात फोन आहे, घरात संगणक नाही. डोटाचा एक सामना चाळीस मिनिटं चालतो, त्याला बरा संगणक लागतो, न तुटणारं इंटरनेट लागतं. म्हणून पैसा आणि प्रेक्षक दोन्ही मोबाइलच्या गोळीबारी खेळांकडे गेले. तिथंही भरवसा नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याची जागा घेणारा बीजीएमआय २०२२ च्या जुलैत ॲप स्टोअरमधून गायब झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. मधले दहा महिने व्यावसायिक खेळाडूंनी काय करायचं होतं?

कायद्याचंही असंच. २३ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रानं ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली आणलं. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळण्यावर देशभर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. मला हा फरक मोलाचा वाटतो. कर्नाटकानं २०२१ मध्ये केलेल्या ऑनलाइन जुगारविरोधी दुरुस्तीतली कलमं उच्च न्यायालयानं २०२२ च्या फेब्रुवारीत रद्द केली, पण त्या सगळ्या गदारोळात माझ्या बहिणीच्या मनात 'गेम म्हणजे जुगार' हे पक्कं बसलं ते बसलंच. नव्या कायद्यामुळे निदान तिला वेगळं दाखवता येतं. मात्र खेळांच्या प्रायोजकत्वात पैसे लावून खेळवणाऱ्या कंपन्यांचा वाटा मोठा होता. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हनचं नावसुद्धा त्यानंतर उतरलं. क्रिकेटला दुसरा प्रायोजक लगेच मिळतो, डोटाला कुठून मिळणार?

खेळ कशानं टिकतो, हा प्रश्न मात्र जुनाच. सरगूरहून म्हैसूरला जाताना मला नेहमी तिथले राजे मुम्मडी कृष्णराज वाडियार आठवतात. १७९४ ते १८६८ हा त्यांचा काळ. राजा बुद्धीच्या खेळांचा वेडा होता. पटावर घोडा चौसष्ट घरांतून एकेकदाच फिरवण्याची कोडी त्यांनी रचली. 'श्रीतत्त्वनिधी' या त्यांच्या ग्रंथात खेळांसाठी वेगळा विभाग आहे. त्यांनी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाचे नवे डाव काढले. त्यांतला 'चामुंडेश्वरी चाड' तर ३२० पानांचा. इतकी पानं, इतके हुकूम, इतके नियम. ते डाव राजवाड्याभोवतीच राहिले आणि राजाबरोबर मागे पडले. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पानांची, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं. तिचा मालक कुणी एक नव्हता. ज्याला येत होतं तो दुसऱ्याला शिकवायचा. म्हणून ती जास्त टिकली, घराघरांत खेळली गेली. गेल्या शतकात तिच्यावरही पाळी आली, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यानं जुन्या चिताऱ्यांकडून ती कला पुन्हा उभी केली. आज ती पानं सुरेख बनतात, पण डाव मांडणारे फार थोडे. पानं वाचली म्हणून खेळ वाचतोच असं नाही, हे तिथं डोळ्यांना दिसतं.

व्हिडिओ गेमची अडचण इथंच आहे. त्याला मालक असतो. मोठी स्पर्धा भरवायची तर मालकाची परवानगी लागते. सर्व्हर मालकाचा, नियमात बदल करणारा तोच. बुद्धिबळाला असा मालक नाही. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टरही झाली. तिच्यामागे शाळेच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांची रांग होती. एखाद्या मंगल कार्यालयात पन्नास पट, पन्नास घड्याळं, चहाचा थर्मास, पालक बाहेर पायरीवर बसलेले. हे दृश्य महाराष्ट्रात कुठल्याही रविवारी दिसतं. बुद्धिबळ सरस म्हणून हे घडलं, असं मी म्हणणार नाही. एज ऑफ एम्पायर्समध्येही आडाखे आहेत, सोंगट्यांचा बळी आहे, वेळेचा ताण आहे. वर प्रतिस्पर्ध्याचा पट धुक्यात लपलेला असतो, म्हणजे अर्धी माहिती अंदाजानं भरायची. फरक एवढाच की बुद्धिबळाची तालुका पातळी कुणाला विचारून उभी करावी लागली नाही.

दक्षिण कोरियाचं उदाहरण मला धीर देतं. तिथं 'स्टारक्राफ्ट'ची संघांची साखळी, प्रोलीग, वर्षानुवर्षं दूरचित्रवाणीवर चालली. फिक्सिंगची प्रकरणं झाली, प्रायोजक गेले आणि २०१६ मध्ये ती संपली. सगळं संपलं असं वाटत असतानाच १९९८ सालच्या मूळ 'ब्रूड वॉर'ची नवी स्पर्धा त्याच वर्षी एका प्रक्षेपण संकेतस्थळाच्या आधारानं उभी राहिली. जुने खेळाडू परत आले, आणि ती अजून भरते.

भाच्याच्या वहीत मला अशीच एक गोष्ट सापडली. आठ मुलांची बाद फेरी, पट्टीनं आखलेली. सरगूरचे दोन, एच. डी. कोटेचा एक, नंजनगूडचे दोन, बाकीचे म्हैसूरचे. खाली कन्नडमध्ये नियम: नकाशा कुठला, उशीर किती चालेल, वीज गेली तर काय. शेवटच्या नियमाला दोनदा अधोरेखित केलं होतं.

त्या रात्री त्याची गरज पडली. अठराव्या मिनिटाला, उरुमीवाले नंजनगूडकराच्या भिंतीपाशी पोचले असतानाच, वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी चालू होती, पण राउटरचे दिवे विझले. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं ना आता? झोप." तो काही बोलला नाही. फोन काढून त्यानं समोरच्याला निरोप धाडला. अर्ध्या तासानं वीज आली. दोघांनी सेव्ह झालेला सामना उघडला, पडदा पुन्हा उजळला, कोपऱ्यात सेंट्रल इंडिया आलं. तेच सतरा उरुमीवाले तिथंच भिंतीपाशी उभे होते. समोरून दोन शब्द आले, 'रेडी अण्णा', आणि भाच्यानं स्पेसबार दाबला.