पॉवर स्टिअरिंग, लिफ्ट आणि तेलाचा दाब



ऊसनोंदीला गट ऑफिसात येणारे सभासद हल्ली विचारतात, "साहेब, पॉवर स्टिअरिंगचं चाक एका बोटानं वळतं कसं?" आम्हाला ठाऊक आहे ते येथे सांगत आहोत.

इंजिनावर एक लहानसा पंप असतो. त्यातली दोन दातेरी चाके एकमेकांत फिरून टाकीतले तेल पुढे ढकलतात. तेल दाबले तरी आकसत नाही, म्हणून वाट अडली की दाब चढतो. स्टिअरिंग फिरवले की व्हॉल्व्ह उघडतो, तेल सिलिंडरात शिरते आणि पिस्टन पुढची चाके वळवतो. हिशेब सोपा आहे. दाब चौरस सेंटीमीटरला १०० किलो आणि पिस्टन २० चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे जोर २००० किलोंचा! नांगर उचलणारी लिफ्टही याच तत्त्वावर चालते. काही ट्रॅक्टरना दोहोंसाठी एकच पंप, काहींना वेगवेगळे.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९५५ साली डी.एस. नावाची मोटार आणली. तिचे स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकांवरचा तोल, सारे एकाच पंपाच्या तेलावर. पाटे नाहीत. गोळ्यात कोंडलेला नायट्रोजन वायू हीच स्प्रिंग, आणि माणसे जास्त बसली की पंप आणखी तेल सोडून गाडी पूर्वीच्या उंचीवर आणी. आपल्या ट्रॉलीचे पाटे बिचारे जेवढे सोसतील तेवढेच. आता बहुतेक नव्या मोटारींत स्टिअरिंगला विजेची मोटर असते. ट्रॅक्टरचे काम मात्र तेलावरच चालते.

आता मुख्य मुद्दा. नळीला सुईएवढे भोक पडले, तर हाच दाब तेलाची धार कातडी फोडून बोटात घुसवतो. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, फारसे दुखतही नाही. आत मात्र मांस सडू लागते व बोट, प्रसंगी हात काढावा लागतो. हळद लावून घरी बसू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. नळी सोडण्यापूर्वी लिफ्ट खाली टेकवून इंजिन बंद करावे.

दुसरे, भरल्या ट्रॉल्या घेऊन उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे काही बहाद्दर आहेत. इंजिन थांबले की पंप थांबतो, आणि एका बोटाचे चाक दोन्ही हातांनाही आवरत नाही.

तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे. तेल आणि फिल्टर गळीत हंगामापूर्वीच बदलून घ्यावेत. ऐन तोडणीत ट्रॅक्टर उभा राहिला तर ऊस फडातच वाळतो.

– ऊस विकास अधिकारी