क्लिक न करताच उघडतं, ते का आणि कुठे थांबवायचं

विंडोज ११ असलेल्या संगणकाच्या टास्कबारवर डाव्या टोकाला हवामान दिसतं. बेंगळुरूत बसलेल्याला बेंगळुरूचं. कर्सर चुकून तिथे गेला की क्लिक न करताच बातम्या, शेअरबाजार, खेळांचे निकाल असा मोठा फलक पडद्यावर येतो. व्हाइटफील्डच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना, स्क्रीन शेअर केलेली असताना हे झालं, तर फार तर बोलण्याची लय तुटते. पण मुलांकडे राहायला आलेले, लॅपटॉप नव्याने शिकणारे आईवडील घाबरतात. आपल्या हातून काहीतरी बिघडलं असं समजून ते पुढे माऊसला हातच लावत नाहीत. ही भीती अनाठायी आहे, आणि ती काही समजुतींतून आलेली आहे.

“माऊस बिघडलाय, नाहीतर व्हायरस शिरलाय.” बहुतेक वेळा दोन्ही नाही. पारख सोपी आहे: माऊसवरून हात काढा. कर्सर आपोआप सरकत असेल, तर दोष माऊसमध्ये, टचपॅडमध्ये किंवा टेबलाच्या चकचकीत काचेत शोधा. कर्सर जागच्या जागी थांबला आणि तुम्ही तो नेला त्याच जागी काही उघडलं, तर संगणक सेटिंगप्रमाणेच वागतोय. बटण न दाबता कर्सर एखाद्या गोष्टीवर नेणं, याला हॉवर म्हणतात. अशा वेळी नवा माऊस आणून काहीच बदलत नाही. लॅपटॉपवर टाइप करताना तळहात टचपॅडला लागूनही कर्सर भलतीकडे जातो, एवढं मात्र तपासून बघावं.

“एक बटण बंद केलं की सगळं थांबेल.” असं बटण नाही. हॉवरवर काय घडावं हे तीन वेगवेगळे मालक ठरवतात: ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यावर चालणारा प्रोग्राम आणि ब्राउझरमध्ये उघडलेली वेबसाइट. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘माऊस हॉवर टाइम’ नावाची नोंद असते, तिची मूळ किंमत ४०० मिलिसेकंद. ती वाढवा, असा सल्ला हमखास मिळतो. पण ही वेळ विचारात घेणारे प्रोग्रामच तिच्यामुळे थोडे थांबतात; बाकीचे स्वतःच्या घड्याळाने चालतात. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी नेहमीच्या सेटिंग्ज पाहाव्यात, कारण बहुतेक त्रास तिथेच संपतो.

हवामानाच्या फलकापुरतं बघायचं, तर तो उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये जा आणि हॉवरवर उघडण्याचा पर्याय बंद करा. हवामान दिसत राहतं, फलक मात्र क्लिक केल्यावरच येतो. हवामानही नको असेल तर टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ‘विजेट्स’ बंद करा. विंडो मोठी करायच्या चौकोनावर कर्सर नेला की पडद्याच्या वाटण्यांचे नकाशे दिसतात, ते ‘सिस्टीम’मधल्या ‘मल्टिटास्किंग’मध्ये बंद होतात. मॅकवर कर्सर कोपऱ्यात गेल्यावर सगळ्या विंडो बाजूला पळत असतील, तर ‘डेस्कटॉप अँड डॉक’मध्ये ‘हॉट कॉर्नर्स’ बघा. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर डावा वरचा कोपरा असाच जागा असतो. त्याचं बटण ‘मल्टिटास्किंग’मध्येच आहे.

“त्रास होतो, पण नुकसान काही नाही.” हे मला अजिबात पटत नाही. विंडोजमध्ये दोन पर्याय असे आहेत की ते नकळत चालू राहिले तर खरोखर घोटाळा होतो. पहिला, फोल्डर ऑप्शन्समधला एका क्लिकने फाइल उघडण्याचा. तो निवडला की कर्सर ज्या फाइलवर थांबेल ती निवडली जाते. डिलीट दाबण्याआधी कर्सर शेजारच्या फाइलवर गेला, तर पुसली जाते ती शेजारची. दुसरा पर्याय कंट्रोल पॅनेलच्या ‘ईज ऑफ अ‍ॅक्सेस’मध्ये आहे: कर्सर नेताच विंडो सक्रिय करणारा. टाइप करता करता माऊसला धक्का लागला की अर्धा मजकूर दुसऱ्याच विंडोत जातो. तो पासवर्ड असला आणि ती विंडो चॅटची असली तर पुढचं सांगायला नको. काहीजणांना हीच पद्धत सोयीची वाटते, युनिक्सच्या जगात ती जुनी आहे. आपल्याला हवी असेल तरच ठेवावी.

“हॉवरशिवाय संगणक चालणारच नाही.” याला बेंगळुरूनेच एक उत्तर दिलेलं आहे. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर सॉफ्टवेअरच्या अभियंत्यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हा स्वस्त, हातात मावणारा संगणक घडवला. त्याचा नमुना २००१ मध्ये लोकांसमोर आला, आणि २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने तो बाजारात गेला. तो चालायचा पडद्याला लेखणी टेकवून. लेखणी टेकली किंवा नाही टेकली, एवढंच त्याला कळायचं. मधली हॉवरची अवस्थाच नव्हती. आजचे बहुतेक मोबाइलही तसेच चालतात. म्हणून जी वेबसाइट आपला मेनू फक्त हॉवरवरच दाखवते, ती मोबाइल वापरणाऱ्यालाही अडवते आणि हात थरथरणाऱ्यालाही.

वेबसाइटचं हॉवर विंडोजच्या सेटिंगने बंद होत नाही, हेही इथेच सांगायला हवं. नेटफ्लिक्सवर पोस्टरजवळ कर्सर नेताच चालू होणारी झलक प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करता येते. ही सोय २०२० मध्ये आली. यूट्यूबलाही तसा पर्याय आहे. जिथे पर्यायच नाही, तिथे आधी एस्केप दाबून बघावं. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या जागतिक मानकात त्यासाठी नियमच आहे: हॉवरने उघडलेला मजकूर कर्सर न हलवता घालवता आला पाहिजे, कर्सर त्या मजकुरावर नेला तरी तो टिकला पाहिजे, आणि वाचून होण्याआधी आपोआप नाहीसा होता कामा नये. भारतातल्या सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं याच मानकावर उभी आहेत, त्यामुळे तिथे हे जमत नसेल तर रीतसर तक्रार करावी.

एक हॉवर मात्र विचारल्याशिवाय कधीही बंद करू नये. मॅक आणि ग्नोममध्ये कर्सर ठरावीक वेळ स्थिर ठेवला की आपोआप क्लिक होण्याची सोय आहे. बोटांनी बटण दाबता न येणाऱ्या माणसाचं सगळं काम तिच्यावर चालतं. घरातला किंवा ऑफिसातला संगणक अनेकांचा असेल, तर प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा आणि सेटिंग्ज आपापल्या खात्यात बदला.