केल्ट संस्कृती आणि दख्खनची शिलावर्तुळे : नाव, साम्य आणि नाते

प्रास्ताविक :

ज्या समाजाने स्वतःचा इतिहास स्वतः लिहून ठेवला नाही, त्याला नाव देण्याचे काम बहुधा इतरांनी केलेले असते. युरोपातील प्राचीन केल्ट हे त्याचे ठळक उदाहरण होय. विशेष असे की, हेच नाव एकोणिसाव्या शतकात दख्खनमधील शिलावर्तुळांनाही लावले गेले. निजामाच्या सेवेतील अधिकारी, काही काळ नळदुर्गचा कारभार पाहणारे आणि 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचे लेखक फिलिप मेडोज टेलर (१८०८-१८७६) यांनी शोरापूर (सध्याचा यादगीर जिल्हा, कर्नाटक) परिसरातील प्राचीन दफनस्थळांचा अभ्यास केला. रॉयल आयरिश अकादमीच्या नियतकालिकात १८६० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या स्मारकांना 'केल्टिक, ड्रुइडिक किंवा सिथियन' असे संबोधले. हे नाव कोठून आले आणि ते का टिकले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

केल्ट कोण होते ?

'केल्टोई' हा शब्द प्रथम ग्रीक लेखनात आढळतो. डॅन्यूब नदी केल्टांच्या प्रदेशात उगम पावते, असे हिरोडोटसने नमूद केले आहे. गॉलमधील (आजचा फ्रान्स व लगतचा प्रदेश) एक मोठा समूह स्वतःला 'केल्टी' म्हणवितो, असे ज्युलियस सीझर सांगतो. म्हणजे हे नाव सर्वस्वी परक्यांचे नव्हते. परंतु त्याची व्याप्ती मात्र इतरांनी वाढविली.

पुरातत्त्वशास्त्राने या लोकांचा संबंध प्रामुख्याने दोन स्थळांशी जोडला. ऑस्ट्रियातील हॉलश्टाट येथे मिठाच्या खाणीजवळ १८४६ पासून सुमारे एक हजार थडगी उघडकीस आली. स्वित्झर्लंडमधील ला तेन येथे १८५७ मध्ये तलावाकाठी लोखंडी तलवारी व अन्य वस्तू सापडल्या. फ्रान्समधील व्हिक्स येथे १९५३ मध्ये सापडलेल्या, इ. स. पू. सुमारे ५०० मधील एका स्त्रीच्या थडग्यात १.६४ मीटर उंचीचे ग्रीक कांस्यपात्र होते. भूमध्य समुद्राच्या परिसराशी चाललेल्या व्यापाराची आणि त्या स्त्रीच्या सामाजिक प्रतिष्ठेची ते साक्ष देते. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आरंभी गॉल टोळ्यांनी रोम लुटले; इ. स. पू. ५२ मध्ये अलेसिया येथे वर्सिंजेटोरिक्सचा पराभव करून सीझरने गॉलवर ताबा मिळविला. त्यामुळे केल्टांविषयीचे बरेचसे लेखन त्यांच्या शत्रूंनी केलेले आहे, हे विसरता येत नाही.

ड्रुइड आणि शिलावर्तुळे :

केल्टांचे धर्मज्ञ व न्यायदाते म्हणजे ड्रुइड. त्यांचे काही शिष्य वीस वर्षेपर्यंत अध्ययन करीत आणि ही विद्या लेखनबद्ध करणे त्यांना संमत नव्हते, असे सीझर लिहितो. वेदपठणाची परंपरा परिचित असलेल्या भारतीय वाचकास यात नवल वाटणार नाही. मात्र या मौनामुळे कल्पनेला मोकळे रान मिळाले. १७४० मध्ये विल्यम स्ट्यूकली यांनी स्टोनहेंज हे ड्रुइडांचे मंदिर ठरविले. वस्तुतः तेथील प्रचंड शिळा इ. स. पू. सुमारे २५०० मध्ये उभारल्या गेल्या. म्हणजे ड्रुइडांच्या पहिल्या लेखी उल्लेखांपूर्वी सुमारे दोन हजार वर्षे. टेलर यांच्या पिढीने हाच गैरसमज दख्खनमध्ये आणला.

विदर्भातील पुरावा :

नागपूरजवळील जुनापाणी येथील वर्तुळांवरील वाटीसारख्या खळग्यांची तुलना रिव्हेट-कार्नॅक यांनी स्कॉटलंडमधील खुणांशी केली होती. पुढे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट-खापा (१९६८-६९) व माहुरझरी (१९७०-७२) येथे उत्खनने झाली. मृतांसोबत पुरलेली लोखंडी हत्यारे, मणी आणि घोड्यांची तांब्याची आभूषणे मिळाली. नैकुंड येथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष आढळले. ही संस्कृती इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील, म्हणजे स्थूलमानाने हॉलश्टाटची समकालीन ठरते. लोखंड, अश्व आणि मृताबरोबर वस्तू पुरण्याची प्रथा दोन्हीकडे आहे. तथापि केल्ट येथवर आल्याचा कोणताही पुरावा नाही. समान साधने व समान सामाजिक गरजा यांतून समान प्रथा स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकतात.

खरे नाते कोठे आहे ?

नाते आहे, पण ते दगडांत नसून भाषेत आहे. एडवर्ड लूइड यांनी १७०७ मध्ये वेल्श, आयरिश, ब्रेटन आदी भाषांचे परस्परसंबंध दाखविले. १८३१ मध्ये जे. सी. प्रिचर्ड यांनी या भाषांची संस्कृतशी तुलना करून त्या इंडो-युरोपीय कुळातील असल्याचे प्रतिपादन केले. वर्सिंजेटोरिक्स या नावातील 'रिक्स', जुन्या आयरिशमधील 'री' आणि आपला 'राजा' हे शब्द एकाच मूळ धातूपासून आलेले आहेत. तथापि भाषेचे कूळ एक असणे म्हणजे वंश एक असणे नव्हे. ज्या शिलावर्तुळांवरून नाते जोडले गेले, ती उभारणाऱ्यांची भाषा तर आपल्याला ठाऊकही नाही.

समारोप :

टेलर यांनी दिलेले नाव मागे पडले. परंतु त्यांनी काळजीपूर्वक काढलेले उत्खननाचे उभे छेद टिकून राहिले. मॉर्टिमर व्हीलर यांनी त्यांची पुढे प्रशंसा केली. रत्नागिरी जिल्ह्यातील अध्यापकांसाठी हा धडा महत्त्वाचा आहे. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. त्यांचे कर्तेही निनावी आहेत, आणि दूरदेशीच्या एखाद्या प्रसिद्ध संस्कृतीशी त्यांचे नाते जोडण्याचा मोह पुन्हा होणे स्वाभाविक आहे. आधी मोजमाप, रेखाटन व जतन आणि मग नामकरण, हा क्रम विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे अगत्याचे आहे. चुकीचे नाव पुढची पिढी दुरुस्त करू शकते. नोंद न होता नष्ट झालेले शिल्प मात्र कोणालाही परत आणता येत नाही.