नोंदवही एक, लिहिणारे अनेक

एकाच नोंदवहीच्या तीन नकला काढल्या आणि तीन जणांनी तीन ठिकाणी त्यात लिहायला सुरुवात केली, तर संध्याकाळी खरी वही कोणती मानायची?

समजा, लोणावळ्यात एका कुटुंबाचा चिक्कीचा धंदा आहे. चिक्की तयार होते नांगरगावात. एक दुकान बाजारपेठेत, दुसरं वलवणला. मालाच्या नोंदी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये आहेत आणि तीच फाइल पेनड्राइव्हवरून दोन्ही दुकानांत नेली जाते. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाची गर्दी उतरली, की शेंगदाण्याची चिक्की किती शिल्लक आहे, याची तीन उत्तरं मिळतात. माल असून गिऱ्हाईक परत जातं, नाहीतर नको तेवढा माल बनवून ठेवला जातो.

यावर उपाय म्हणजे नोंदी सर्व्हरवर ठेवणं. सर्व्हर म्हणजे सतत चालू राहून इतरांच्या मागण्या पुरवणारा संगणक. पण एवढं सांगितलं, की मला लगेच प्रश्न येतो, "म्हणजे आता ॲक्सेस सोडायचं का?" मुळीच नाही. ॲक्सेसची दोन कामं आहेत. एक, फॉर्म आणि अहवाल दाखवणं. दुसरं, टेबल म्हणजे नोंदींचे तक्ते साठवणं. यातलं फक्त दुसरं काम सर्व्हरकडे जातं. रोजचा फॉर्म होता तसाच राहतो.

मावळातल्या शेतकऱ्याला हे सातबाऱ्यावरून समजेल. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याचं दप्तर गाठावं लागे. आता महाभूलेख संकेतस्थळावर तो घरबसल्या पाहता येतो, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळू लागला. नोंद एकीकडे, पाहणारे अनेक. फेरफार प्रमाणित करण्याचा अधिकार मात्र मंडळ अधिकाऱ्यांचा.

ॲक्सेस आणि सर्व्हर यांची भाषा वेगळी असते. त्यांच्यामधला दुभाषी म्हणजे ओडीबीसी. ही पद्धत मायक्रोसॉफ्टनं १९९२ साली आणली. प्रत्येक प्रकारच्या सर्व्हरसाठी तिचा वेगळा 'ड्रायव्हर' आपल्या संगणकावर बसवावा लागतो. ॲक्सेस ३२ बिटचं असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचा हवा, ६४ असेल तर ६४चा. बहुतेकांची गाडी इथंच अडते.

नंतर सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून पाच गोष्टी मागून घ्याव्यात : सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक (मायएसक्यूएलचा सहसा ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचा ५४३२), डेटाबेसचं नाव, आपलं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड. ॲक्सेसच्या 'एक्स्टर्नल डेटा' या भागात ओडीबीसी निवडलं, की दोन पर्याय येतात. 'इम्पोर्ट' केलं तर नक्कल तयार होते, म्हणजे जुनंच दुखणं परत. आपल्याला 'लिंक' हवं आहे. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिस बेसमध्येही अशी जोडणी करता येते.

जोडणी झाली, नोंदी दिसतात, पण बदलता येत नाहीत, असं झालं तर टेबलला 'प्रायमरी की' आहे का ते पाहावं. प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक नसेल, तर ॲक्सेस बदल करू देत नाही. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर सर्व्हर आणि ड्रायव्हर दोन्हीकडे युनिकोडची व्यवस्था आहे ना, हे तपासायला सांगावं.

आता अधिकारांबद्दल. सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ नये. गल्ल्यावरच्या मुलाला विक्रीची नोंद करता यावी. जुनी नोंद पुसता येऊ नये. चूक झाली तर कुणी केली हे कळतं, आणि निर्दोष माणसावर आळ येत नाही. शिवाय सर्व्हरचं पोर्ट इंटरनेटवर सर्वांसाठी उघडं ठेवू नये. दुकानांची जोडणी व्हीपीएनमधून करावी. बोरघाटातल्या बोगद्यासारखी ही वाट बाहेरच्यांना बंद असते, आतून आपलीच वाहतूक चालते.

पावसात वीज किंवा इंटरनेट गेलं, की जोडणी तुटणारच. त्या वेळेसाठी गल्ल्याजवळ कागदी वही ठेवावी आणि नंतर नोंदी चढवाव्यात. सर्व्हरवरच्या नोंदींची नक्कल रोज दुसरीकडे काढावी आणि ती उघडते की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावं. सुरुवात एकाच टेबलपासून करा. आठवडाभर दोन्ही दुकानांतली शिल्लक प्रत्यक्ष मोजून ताडून पाहा आणि आकडे जुळले, की मगच बाकीची टेबलं हलवा.