अतिनील किरण आणि अंटार्क्टिकातील हिरवळ

ऊन कडक झाले की आपण सावलीत जातो, डोक्यावर टोपी घालतो. वनस्पतीला जागा सोडता येत नाही. शिवाय तिची अडचण दुहेरी आहे. अन्न तयार करण्यासाठी तिला सूर्यप्रकाश हवाच, पण त्याबरोबर अतिनील किरणही येतात. मग ती स्वतःचा बचाव कसा करते? अंटार्क्टिकातील वनस्पतींच्या अभ्यासातून याचे उत्तर चांगले समजते.

१९८५ साली फारमन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅले तळावरील नोंदींवरून दाखवून दिले, की अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने घटतो. दक्षिण गोलार्धातील वसंत म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. ओझोनचा थर पातळ झाला की २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे 'अतिनील-ब' किरण जमिनीवर जास्त पोहोचतात.

या किरणांचा मुख्य आघात पेशीतील डीएनएवर होतो. डीएनएच्या एकाच धाग्यातील शेजारशेजारचे दोन थायमिन घटक एकमेकांना चिकटतात. पिशवीच्या चेनचे शेजारचे दोन दाते जोडले गेले तर चेन पुढे सरकत नाही. तसेच येथे डीएनएची नक्कल करण्याचे काम अडखळते.

यावर वनस्पतींचा पहिला उपाय म्हणजे गाळणी. पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइडसारखी संयुगे साठवली जातात. ती अतिनील किरण शोषतात, पण प्रकाशसंश्लेषणाला लागणारा दृश्य प्रकाश बराचसा आत जाऊ देतात. दुसरा उपाय दुरुस्तीचा. फोटोलायेज नावाचे विकर निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून चिकटलेले थायमिन पुन्हा सुटे करते. म्हणजे ज्या उन्हाने जखम केली, त्याच उन्हातून औषधही मिळते! माणसाच्या शरीरात हे विकर नाही. मात्र थंडीत विकरांचे काम मंदावते, म्हणून ध्रुवीय प्रदेशात गाळणीला विशेष महत्त्व आहे.

अंटार्क्टिकात मूळच्या सपुष्प वनस्पती दोनच आहेत : डेशॅम्पसिया हे गवत आणि कोलोबँथस ही उशीसारखी वाढणारी बुटकी वनस्पती. बाकीची हिरवळ मुख्यतः मॉसची. आपल्या 'मैत्री' तळाच्या परिसरातही मॉस आणि दगडफूल आढळतात.

सर्वच मॉस सारखे सुसज्ज नसतात. पूर्व अंटार्क्टिकातील केसी तळाजवळच्या तीन जातींचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील शॅरन रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांपैकी सेरॅटोडॉन जगभर आढळतो. त्याची किरणशोषक संयुगे मुख्यतः पेशीभित्तिकेतच घट्ट बसवलेली असतात, म्हणजे भिंतीलाच गाळणी! ब्रायम हाही अनेक देशांत वाढणारा मॉस. त्याची अशी संयुगे पेशीच्या आतही विरघळलेली असतात. या दोन्ही जाती वाळलेल्या अवस्थेत असताना त्यांच्या डीएनएची हानी कमी होते, असे प्रयोगात दिसले. तिसरी जात शिस्टिडियम. ही फक्त अंटार्क्टिकातच आढळते. पण तिच्या डीएनएची हानी सर्वांत जास्त झाली आणि वाळण्याचाही तिला फायदा झाला नाही. जिला जगात दुसरीकडे घर नाही, तिचेच संरक्षण सर्वांत दुबळे!

मग ती आजवर टिकली कशी? याचे एक कारण बर्फ. ओझोन सर्वांत कमी असतो तेव्हा बरीचशी हिरवळ बर्फाच्या पांघरुणाखाली असते. पांघरूण दूर होईपर्यंत ओझोन बहुधा भरून येऊ लागलेला असतो. परंतु २०२० ते २०२३ या चारही वर्षी ओझोनचे विवर डिसेंबरपर्यंत लांबले. डिसेंबर हा तेथील उन्हाळा. बर्फ वितळलेला, मॉस उघडा आणि सूर्य माथ्याकडे चढलेला. पुढे तापमानवाढीने बर्फ लवकर वितळू लागला, तर हा धोका आणखी वाढेल.

१९८७ च्या माँट्रियल करारामुळे क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन थांबत गेले आणि ओझोनचा थर हळूहळू सावरतो आहे. अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीला येण्यास साधारण २०६६ साल उजाडेल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तोवर या मॉसला आपल्या गाळणीवर आणि बर्फावरच विसंबून राहावे लागेल.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. बंद खिडकीच्या काचेआड वाढवलेले रोप एकदम भर उन्हात ठेवले, तर त्याची पाने का करपतात? साधी काच बहुतेक अतिनील-ब किरण अडवते, एवढी सूचना पुरेशी आहे. उरलेले उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.