पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : विषाणू ओळखा, पिशवी वाचवा



नांदेड-लातूरच्या वस्त्यांत महिलांची बैठक घेतली आणि कॅन्सरचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "ताई, कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागतो का?" दुसरा जरा हळू आवाजात येतो, "अंगावरून पांढरे जाते. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल म्हणतात. काढून टाकू का?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून ती एकत्रच समजून घेऊ.

कॅन्सर लागत नाही, काही जंतू लागतात

कॅन्सरच्या रुग्णाबरोबर जेवल्याने, त्याचे कपडे धुतल्याने किंवा त्याची सेवा केल्याने कॅन्सर होत नाही. त्याचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याची काही गरज नाही. मात्र काही कॅन्सरच्या मुळाशी जंतू असतो आणि तो जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. 2018 साली जगभरात कॅन्सरचे जे नवे रुग्ण सापडले, त्यांतील सुमारे 22 लाख रुग्णांचा कॅन्सर अशा जंतूंमुळे झाला होता, म्हणजे शंभरात साधारण तेरा. त्यांतले बहुतेक चार जंतूंचे काम आहे : एचपीव्ही विषाणू, हिपॅटायटिस बी आणि सी हे दोन विषाणू, आणि पोटात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू.

बाकीच्या कॅन्सरची कारणे वेगळी आहेत. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण गुटखा, तंबाखू आणि मिश्री हेच आहे. विषाणूचे नाव पुढे करून मिश्रीच्या डबीला माफी मिळणार नाही.

एचपीव्ही काय करतो?

गर्भाशयाच्या तोंडाचा, म्हणजे आपण ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतो त्याचा, जवळजवळ प्रत्येक रुग्ण एचपीव्हीमुळे होतो. हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी 16 आणि 18 क्रमांकाचे दोन प्रकार या कॅन्सरच्या सुमारे 70 टक्के रुग्णांना कारणीभूत ठरतात.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत राखणदार असतात. पेशी बिघडली की ते तिची वाढ थांबवतात. एचपीव्ही पेशीत शिरून या राखणदारांनाच निकामी करतो. मग बिघडलेली पेशी वाढत राहते. पण हे एका रात्रीत होत नाही. दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. शिवाय बहुतेक बायकांचे शरीर हा विषाणू एक-दोन वर्षांत स्वतःच घालवते. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांनाच धोका असतो. एचआयव्ही असलेल्या बायकांना हा धोका सहा पट असतो.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी होऊन जातो. पुरुषाला बहुधा काही त्रास होत नाही, पण त्याच्याकडून तो बायकोकडे येतो. म्हणून ज्या बाईला हा कॅन्सर झाला तिच्या चारित्र्यावर बोट ठेवणारा माणूस अडाणीपणा करतो. "मागच्या जन्मीचे पाप" म्हणणाराही तेच करतो. गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारलेली आहे. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, ही आपली शिकवण. इथे कारण सापडलेले आहे.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सिद्ध झालेली गोष्ट

1982 पर्यंत लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता, त्याच जिल्ह्यात (आजचा धाराशिव) 1999 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावून नजरेने तपासणी. चौथ्या गटाची तपासणी केली नाही.

2009 मध्ये आलेला निकाल असा : एचपीव्ही तपासणीच्या गटात 34 हजार बायका होत्या, त्यांतल्या 34 जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात 31 हजार बायका होत्या, त्यांतल्या 64 जणी गेल्या. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूंत एवढी ठळक घट दिसली नाही.

चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवले, यावर पुढे वाद झाला आणि तो योग्यच होता. त्या 64 जणी आपल्याच मातीतल्या होत्या. त्यांच्या मरणातून मिळालेले ज्ञान जगाने वापरले. आपल्या वस्त्यांत मात्र ते अजून पोचलेले नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

तपासणी नाही, थेट पिशवीच काढायची?

तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केले, असे त्यांतल्या अनेकींनी सांगितले. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आपल्या भागातही आहेत, त्यामुळे ही गोष्ट फक्त बीडची समजू नका.

अंगावरून पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या संसर्गामुळे असते आणि गोळ्यांनी बरे होते. काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. त्यासाठी पिशवी काढायची नसते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तरुणपणीच पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, अंगात मेहनतीची ताकद राहत नाही. कोणी ऑपरेशन सांगितले तर आधी विचारा : "माझी एचपीव्ही किंवा पॅप तपासणी केली का? तुकडा तपासला का? अहवाल लिहून द्या." मग तो अहवाल घेऊन सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नका : संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, घाण वासाचे पाण्यासारखे जाणे. अशा वेळी लगेच रुग्णालय गाठा.

तपासणीला किती वेळ लागतो?

पाच-दहा मिनिटे. चिरफाड नाही, भूल नाही. पिशवीच्या तोंडावर आम्ल लावून पाहतात किंवा छोट्या ब्रशने नमुना घेतात. तिशीनंतर प्रत्येकीने ही तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात आम्लाची तपासणी दर पाच वर्षांनी सांगितलेली आहे. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासूनच. सुरुवातीचा बिघाड सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून टाकतात आणि पिशवी शाबूत राहते. आधी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पुढच्या तपासणीसाठी नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, तर कॅन्सरच्या उपचारासाठी बार्शी आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे आधीच तयार ठेवा.

मुलींसाठी लस

एचपीव्हीची लस 9 ते 14 या वयात, म्हणजे विषाणू येण्याआधी, सर्वांत चांगले काम करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस 2022 मध्ये आली. याच साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरेसा ठरतो असे सांगितले. त्यामागच्या पुराव्यात बार्शीच्या मुलीही होत्या.

लसीबद्दल मनात शंका असते, ती रास्त आहे. 2009-10 मध्ये आंध्र आणि गुजरातच्या एका प्रकल्पात वसतिगृहातल्या गरीब, आदिवासी मुलींना पालकांच्या नीट संमतीशिवाय लस दिली गेली. काही मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, पण संमतीबाबतचा दोष खरा होता. म्हणून माहिती मागणे, कागद वाचून सही करणे हा आपला हक्क आहे. तो हक्क बजावून लस घ्या. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे.

यकृत आणि पोट

हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षे यकृतात राहून कॅन्सर करू शकतात. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत बी ची लस आणि पुढे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस चुकवू नका. घरी बाळंतपण झाले तर पहिला डोस हुकतो. सी वर लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो, आणि सरकारी कार्यक्रमात औषध मोफत आहे. दाढीचे ब्लेड, गोंदवण्याची सुई, इंजेक्शन प्रत्येकासाठी नवेच हवे. पोटातला हेलिकोबॅक्टर बऱ्याच जणांच्या पोटात असतो, त्यांतल्या थोड्यांनाच कॅन्सर होतो. पण जुनी जळजळ, वजन घटणे, काळी शौच असेल तर मेडिकलमधून गोळी आणून खात बसू नका, तपासून घ्या.

विहारातून सुरुवात

एकटीला तपासणीला जायची लाज वाटते, दहा जणी मिळून गेल्या की वाटत नाही. रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने वहीत दोन याद्या कराव्यात : तिशीपुढच्या बायकांची आणि 9 ते 14 वयाच्या मुलींची. यादी घेऊन आरोग्य केंद्रात जा, तपासणीची तारीख लेखी मागा. "इथे होत नाही" असे सांगितले तर तेही लेखी मागा आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे निवेदन द्या.